मऊ भात, वरून फोडणी

आमच्या घरात मिक्सर दिवसातून चार वेळा लागतो. सकाळी साडेसातला, दुपारी साडेबाराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री आठला. परवा खालच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, काल रात्री मिक्सरचा आवाज नाही आला, ओवी बरी आहे ना? लाईट गेली होती, बाकी काही नाही. पण तेव्हा लक्षात आलं की आख्ख्या जिन्याला आता आमच्या मिक्सरची सवय झालीय आणि तो वाजला नाही तर कोणाला तरी काळजी वाटते.

मिक्सरमध्ये काय असतं, तर घरात सगळे जेवतात तेच. भात, वरण, भोपळा नाहीतर गाजर, एक चमचा तूप, थोडं कोमट पाणी. एकदम गुळगुळीत होईपर्यंत फिरवायचं, मग गाळणीतून गाळायचं, कारण भाजीचा एक धागा जरी राहिला तरी नळी तुंबते. मग साठ मिलीची मोठी सिरिंज, तिचा दट्ट्या काढून टाकायचा, नळी जोडायची आणि ओवीच्या पोटावर जे छोटं बटण आहे, लहान मुलांच्या पाण्यात खेळायच्या फुग्याला हवा भरायचं झाकण असतं ना साधारण तसं, त्याला ती नळी लावायची. सिरिंज वर धरली की जेवण पटकन जातं, खाली धरली की हळू. शेवटी वीस मिली पाणी, झाकण बंद. वीस-पंचवीस मिनिटं.

ओवी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसतो, आम्ही सगळ्या आया सीपी म्हणतो. विक्रोळीला कन्नमवार नगरमध्ये राहतो आम्ही, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. प्रशांत, मी, सासूबाई, ओवी आणि तिचा दादा अथर्व, तो बारा वर्षांचा. हे सगळं लिहायला बसले कारण गेल्या महिन्यात एका लग्नात एक नातेवाईक बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, "अगं एवढ्या गोड पोरीच्या पोटाला भोक कशाला पाडलंत, तोंड आहे ना देवाने दिलेलं." मी तिथे काहीच बोलू शकले नाही, डोळ्यातून पाणी आलं फक्त. पण दीड वर्ष मी स्वतः हेच म्हणत होते, अगदी याच शब्दात, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना.

पहिल्यापासून सांगते.

ओवी जन्मली तेव्हा रडली नाही. हे वाक्य मी इतक्या डॉक्टरांसमोर इतक्या वेळा बोललेय की आता ते फॉर्म भरल्यासारखं बोललं जातं. पूर्ण दिवस भरलेले, सगळं नॉर्मल, आणि शेवटच्या काही मिनिटांत ऑक्सिजन कमी पडला. बारा दिवस काचेत. तिथे मला एका डॉक्टरांनी सांगितलेलं की बाळ आळशी आहे, ओढून पीत नाही, शिकेल हळूहळू. मी घरी आल्यावर तासन् तास तिला छातीशी धरून बसायची आणि ती थकून झोपून जायची. आळशी. तो शब्द मी अजून विसरले नाहीये. नऊ महिन्यांची झाली तेव्हा दुसऱ्या ठिकाणी एका मॅडमनी नीट समजावलं, की मेंदूला जी इजा झालीय ती आणखी वाढणार नाही पण भरूनही येणार नाही, आणि तिचा परिणाम फक्त हातापायांवर नाही. "गिळणं ही पण हालचालच असते ना," त्या म्हणाल्या. जिभेने घास मागे ढकलायचा, टाळू वर उचलायचा, श्वासाची नळी बंद करायची, घास अन्ननलिकेत सोडायचा आणि पुन्हा श्वास सुरू करायचा, हे सगळं एक-दोन सेकंदात आणि बरोब्बर क्रमाने. आपण दिवसभर करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. ओवीच्या बाबतीत तोच क्रम चुकत होता.

त्याआधी तिचं उष्टावण झालेलं. माझा भाऊ पुण्याहून चांदीची वाटी घेऊन आला, मामाच्या मांडीवर बसवलं, तांदळाची खीर अगदी पातळ केलेली. त्याने चमचा लावला आणि खीर जिभेबरोबर सगळी बाहेर आली. परत लावला, परत बाहेर. सगळे हसले, पोरीला मामाची खीर आवडली नाही म्हणून. फोटो आहे तो आमच्याकडे. त्या फोटोत मी पण हसतेय. त्या मॅडमनी नंतर सांगितलं की जीभ अशी सारखी बाहेर ढकलणं हे पण लक्षणच होतं, तेव्हापासून तो फोटो मी अल्बमच्या मागच्या पानात सरकवलाय, फाडला मात्र नाही कारण त्यात भाऊ किती खूश दिसतोय.

मग सात वर्षं आम्ही तिला भरवलं. भरवलं म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. आधी तिला सीपी चेअरमध्ये बसवायचं, छातीचा पट्टा, पायाखाली फळी, मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली, कारण मान मागे गेली की श्वासनळी उघडी पडते. चमचा समोरून आणायचा, वरून नाही. अर्धा चमचा. जिभेच्या मधोमध किंचित दाब द्यायचा, ओठ मिटायची वाट बघायची. मग गिळायची वाट बघायची. गळ्याकडे बघत राहायचं, हललं की नाही. कधी दहा सेकंद, कधी मिनिटभर. मग दुसरा अर्धा चमचा. एक छोटी वाटी भात जायला तास, कधी सव्वा तास. त्यातला निम्मा बिबवर. दिवसातून चार वेळा, वर औषधं, वर पाणी. मी एकदा वहीत मांडून बघितलेलं, साडेपाच तास होत होते रोजचे. थेरपिस्ट ताई सांगायच्या की जेवायला अर्ध्या तासाच्या वर लागत असेल तर ती धोक्याची खूण समजा, मूल जेवढं खातंय तेवढं खाण्यातच खर्च करतंय. मी मान डोलवायची आणि घरी येऊन परत सव्वा तास बसायची.

सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी मनापासून कबूल करते. आई राजापूरकडच्या. त्यांच्या गावी आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीला सगळ्यांना पेज आणि गुरगुट्या भात. तांदूळ धुवून जरा भरडायचे, भरपूर पाण्यात मंद गॅसवर शिजवायचे, मेतकूट, तूप, मीठ. त्या भरवताना बोलत राहायच्या, हा काऊचा, हा चिऊचा, हा दादाचा, हा हम्माचा, आणि ओवी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. गोष्ट रंगली की गिळायची. त्यांना कोणी हे शिकवलं नव्हतं. आमच्या ताई म्हणाल्या होत्या, आजींना माझ्या जागी नोकरीला ठेवलं पाहिजे.

आणि या सगळ्यात अथर्व. तो पाच वर्षांचा असल्यापासून टीव्हीसमोर एकटा जेवला. ताट वाढून दिलं की त्याचं तो. आमच्यापैकी कोणीतरी ओवीसमोर, कोणीतरी ओट्यापाशी, कोणीतरी आंघोळीला. तिसरीत त्याला शाळेत 'माझे कुटुंब' निबंध होता, त्यात त्याने लिहिलं, आमच्या घरात सगळे वेगवेगळे जेवतात. बाईंनी त्याखाली लाल पेनाने काही केलं नव्हतं, शुद्धलेखन बरोबर होतं. मी ती वही सहीसाठी उघडली आणि सही करायला खूप वेळ लागला मला.

एक गोष्ट बाहेरच्या लोकांना खरी वाटत नाही ती म्हणजे आमच्या मुलांना सगळ्यात अवघड काय असतं तर पाणी. लोकांना वाटतं घट्ट खाणं अवघड, पातळ सोपं. उलट असतं. पातळ पदार्थ इतका पटकन घशात पोचतो की श्वासनळी बंद व्हायला वेळच मिळत नाही, आणि तो फुफ्फुसात उतरला की न्यूमोनिया. म्हणून आम्ही पाणीसुद्धा दाट करून द्यायचो. ते किती दाट हे मोजायची पण पद्धत आहे, दहा मिलीच्या सिरिंजमध्ये भरायचं, खालचं बोट काढायचं, दहा सेकंद मोजायचे आणि आत किती उरलं ते बघायचं. ताईंनी शिकवलेलं. आमच्या ओट्यावर तिखटमिठाच्या डब्याशेजारी सिरिंज असायची कायम.

त्यामुळे तीर्थप्रसाद ही माझ्यासाठी भीतीची गोष्ट झाली. गणपतीत कोणाकडेही गेलं की कोणीतरी प्रेमाने पळीभर तीर्थ तिच्या तोंडात घालायला येणार, "अगं देवाचं आहे, त्याने काय होतंय". मी तो हात धरायची. खरंच धरायची, मनगटाला. आणि मग सगळे माझ्याकडे असे बघायचे की मी मुलीला देवापासून तोडतेय. हळूहळू आम्ही जाणंच कमी केलं.

तरीही न्यूमोनिया व्हायचा. सहाव्या वर्षी एकाच वर्षात तीनदा ॲडमिट. त्यातलं एकदा जुलैत, सायनला रुळावर पाणी, गाड्या बंद, आणि ओवीचा श्वास असा चाललेला की बरगड्या आत जाताना दिसत होत्या. विक्रोळीहून रिक्षाने सायनपर्यंतच, पुढे मुंबईत रिक्षा चालत नाही, मग तिथे पावसात उभं राहून टॅक्सी, परळच्या हॉस्पिटलला पोचायला दोन तास. प्रशांतने पूर्ण वेळ तिला उभं धरलेलं छातीशी, आडवी केली की गुदमरायची. त्या रात्रीनंतर त्याच्या आवाजात काहीतरी बदललं. तो आधी खूप बोलायचा.

तिसऱ्या ॲडमिशननंतर डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करायला सांगितली. मुलाला एक्सरेच्या मशीनसमोर खुर्चीत बसवतात, खाण्यात बेरियम मिसळून भरवतात आणि स्क्रीनवर घास कुठे जातोय ते दिसतं, अगदी सिनेमासारखं. भरवायला मीच होते, शिशाचा जड एप्रन घालून. गुरगुट्या भात घरून नेलेला. मी पहिला चमचा दिला, ओवी गिळली, खोकली नाही, शांत. मला वाटलं पास झालो. आणि स्क्रीनवर काळी रेघ खाली गेली आणि तिला एक फाटा फुटला, बारीकसा, पुढच्या बाजूला, श्वासनळीत. परत चमचा, परत फाटा. डॉक्टर म्हणाल्या सायलेंट ॲस्पिरेशन. म्हणजे खोकलाच येत नाही. शरीर सांगतच नाही की चुकीच्या रस्त्याने चाललंय. इतकी वर्षं आम्ही खोकला आला नाही म्हणजे नीट गेलं असं समजत होतो. काऊचा, चिऊचा, त्यातले किती घास कुठे गेले असतील.

मी हे घरी आईंना सांगितलं नाही, दोन महिने. कारण सगळ्यात जास्त घास त्यांच्या हातचे होते.

डॉक्टरांनी पेग सुचवलं. एंडोस्कोपी करून पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवायची. तिचं वजन तेव्हा अकरा किलो होतं, सहा वर्षांच्या मुलीचं. दंड माझ्या दोन बोटांत मावायचे. आणि मी नाही म्हटलं. एकदा नाही, दीड वर्ष नाही म्हटलं. सेकंड ओपिनियन घेतलं, थर्ड घेतलं, तिघांनी तेच सांगितलं तरी नाही. मधे नाकातली नळी ठेवली सहा आठवडे, रायल्स ट्यूब, गालाला चिकटपट्टी, ती ओढून काढायची, परत घालताना रडायची, गालाची सालटं निघाली, मग ती पण काढून टाकली आणि परत चमचा.

आता मागे वळून मी स्वतःला विचारते की का नाही म्हणत होते. ऑपरेशनची भीती होतीच, भूल द्यायची, छाती आधीच कमजोर. पण ते अर्धंच खरं आहे. बाकी अर्धं असं की ओवी चालत नाही, बसत नाही, बोलत नाही, हाताने काही धरत नाही, आणि आई म्हणून मला जे एकच काम नीट जमत होतं ते भरवणं होतं. मराठी आई मुलाला पहिलं काय विचारते, जेवलास का. भांडण झालं तरी ताट वाढून ठेवते. माझी आई फोनवर अजून हेच विचारते. ते पण काढून घेतलं तर मी तिची कोण? हे मी कोणाला बोलले नव्हते, प्रशांतलाही नाही. तो फक्त म्हणायचा, सुप्रिया, तिला श्वास हवाय. आणि मी उठून आत जायची.

आईंना शेवटी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिला चव कळायची नाही?" बाकी काही नाही. भोक, टाके, खर्च, लोक काय म्हणतील, काही नाही. चव.

माझं मन बदललं ते एका ट्रेनमध्ये. ओवीला घेऊन परळला जायला आम्ही अपंगांच्या डब्यातून जातो, प्लॅटफॉर्मवर जिथे तो टूं टूं आवाज येत असतो तिथे उभं राहायचं. तिचं नव्वद टक्के अपंगत्वाचं कार्ड आहे, २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आलेत पण सीपी बघताच कळतं, समजावावं लागत नाही, कोणी कार्ड विचारत नाही. एकदा दुपारी घाटकोपरला एक बाई चढल्या, मांडीवर साधारण ओवीएवढा मुलगा. कुर्ला गेल्यावर त्यांनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली, मुलाचा शर्ट दोन बोटं वर केला, बटणाला नळी लावली, सिरिंज खिडकीच्या गजापाशी धरली आणि ओतायला सुरुवात केली. आणि ओतता ओतता शेजारच्या काठीवाल्या आजोबांशी गप्पा मारत होत्या, मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. दादर यायच्या आत जेवण संपलं. त्याने ढेकर दिली. मी ओवीसाठी डबा आणलेला, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून तास घालवणार होते. मी त्यांना विचारलं, काय आहे आत? म्हणाल्या, "आज? आज पालकाची डाळ. रोज काय दूधच द्यायचं का बिचाऱ्याला." त्या दोन वाक्यांनी जे झालं ते तीन डॉक्टरांना जमलं नव्हतं. नंबर घ्यायचं मला सुचलं नाही, आणि परत त्या कधी भेटल्या नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर वाचत बसले. तर ही पेगची पद्धत शोधली गेली तीच मुळी लहान मुलांसाठी. १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर नावाचे मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की म्हणून एंडोस्कोपीचे डॉक्टर, दोघांनी मिळून पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला अशी नळी बसवली, पोट न उघडता. पुढच्या वर्षी त्यांनी ते छापलं, आणि आज जगभर म्हाताऱ्या माणसांनासुद्धा हीच नळी बसवतात. मला उगाच बरं वाटलं. मी विचार करत बसले की त्या बाळाची आई आदल्या रात्री काय करत असेल. तिच्याआधी तर ट्रेनमध्ये भेटलेलं पण कोणी नव्हतं. आपल्या मुंबईत पण १९७२ साली मिठू अलूर यांनी सीपीच्या मुलांसाठी संस्था काढली ती स्वतःच्या मुलीसाठी काही नव्हतं म्हणूनच ना. कोणातरी आईला पहिलं व्हावं लागतं, मला तर ते पण नव्हतं करायचं, मला फक्त सहीच करायची होती.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. पुढचं काही लगेच छान झालं नाही, ते पण लिहायला हवं कारण हे वाचून कोणी ठरवणार असेल तर अर्धवट कळू नये. नळीभोवती लालसर मांस वाढलं, त्यातून रक्त यायचं. गळायचं, तिचे सगळे फ्रॉक पिवळे. पहिले दोन महिने उलट्या, कारण आम्ही घाई करत होतो, वेग कमी केल्यावर थांबल्या. तीन महिन्यांनी लांब नळी काढून बटण बसवलं, त्याच्या आत पाण्याचा छोटा फुगा असतो तो धरून ठेवतो, आणि एका रात्री दीड वाजता तो फुटला आणि बटण गादीवर पडलेलं. ते भोक काही तासांतच आकसायला लागतं. अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं, फोलीची नळी, टोकाला फुगा असलेली साधी रबरी नळी, कपाटात आणून ठेवलेली, प्रशांतने बॅटरी धरली आणि मी घातली. माझे हात थरथरत नव्हते. ते सकाळी हॉस्पिटलमधून परत आल्यावर थरथरले. आणि प्रत्येक मुलाला हे लागतंच असं पण नाही, आमच्याच सेंटरमधली कितीतरी मुलं चमच्याने मस्त जेवतात. आमच्या ओवीला लागलं, एवढंच म्हणतेय मी.

पण न्यूमोनिया त्यानंतर एकदाच झाला, दोन वर्षांत एकदा. फिटची औषधं आता थुंकली जात नाहीत, पूर्ण डोस जातो, त्यामुळे फिट पण कमी झाल्या. आणि वेळ. रोजचे जवळजवळ चार तास परत आले. पहिल्या महिन्यात मला त्या तासांचं काय करायचं तेच कळेना. रिकामी बसायची. हातात चमचा नाही म्हणून हात जड वाटायचे, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दुपारी तिचं जेवण वीस मिनिटांत झालं की मी तिच्या खुर्चीसमोर तशीच बसून राहायची, ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. मग एक दिवस तिच्या हातात वाळलेल्या वाटाण्यांचा डबा दिला, तिने तो पाडला, ती हसली, परत दिला. असं आम्ही चाळीस मिनिटं खेळलो. सात वर्षांत मी तिच्याशी चाळीस मिनिटं सलग खेळलेय असं मला एकदाही आठवलं नाही. वेळच नव्हता, मी तिला जगवत होते.

अथर्व आता आमच्याबरोबर जेवतो. रात्री आठला चौघं जमिनीवर आणि ओवी खुर्चीत, आणि बहुतेक वेळा सिरिंज अथर्वच धरतो, एका हाताने पोळी खात. त्याचे मित्र पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं लाजेल, तर त्याने त्यांना गुरुत्वाकर्षण समजावलं, बघ वर धरलं की कसं जातं. एकाने विचारलं तिला दुखत नाही का, तो म्हणाला कानातलं दुखतं का तुझ्या बहिणीला.

चवीचा प्रश्न ताईंनी सोडवला. दिवसातून दोनदा, ती ताजीतवानी असताना, ताठ बसवून, बोटाच्या टोकावर किंचित काहीतरी जिभेला लावायचं, पोट भरायला नाही, चवीसाठी. आमरस, मेतकूट, मोदकाचं सारण चिमटीतलं. हे आईंचं खातं. त्या दोन वेळांची त्या अशी तयारी करतात जशी कोणी पूजेची करेल. लोणच्याचा खार लावला तेव्हा ओवीने जे तोंड केलं त्याचा व्हिडिओ आमच्या सगळ्या नातेवाईकांकडे आहे.

पण मला सांगायचंय ते फोडणीचं. डाएटिशियनने घरचं जेवण मिक्सरमधून द्यायला परवानगी दिली तेव्हा मी ओवीसाठी साधं वरण बाजूला काढायची, फोडणी नाही, मसाला नाही, कारण जिभेला लागणारच नाहीये तर कशाला. एकदा स्वयंपाकघरात गेले तर आई तिच्या छोट्या पातेल्यावर कढलं तापवून फोडणी देत होत्या, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसणाची एक पाकळी. मी म्हटलं, "आई, तिला काय कळणार आहे, सरळ पोटात जाणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. "वास तर येतो ना," म्हणाल्या. आणि ते पातेलं तसंच चरचरत ओवीच्या खुर्चीपाशी नेलं, तिच्या नाकासमोर धरलं, जरा लांब, वाफ लागू नये म्हणून. ओवीने डोळे मोठे केले. मग ओठ हलवायला लागली, मचमच आवाज. मग आईंनी ते आणून मिक्सरमध्ये ओतलं. तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम आहे, आधी वास, मग मिक्सर. मी पण पाळते. आई गावाला असल्या तरी.

ओवीचं वजन आता एकोणीस किलो आहे. दर महिन्याला काटा बघताना मला जो आनंद होतो तो मी शब्दात नाही सांगू शकत, गाल आलेत तिला, मांड्या आल्यात, हातापायांना बांधायचे आधार, ते जुने स्प्लिंट, बसेनात म्हणून हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत नवीन मापं द्यावी लागली. आणि एकोणीस किलो दोन मजले चढवायचे म्हणजे माझी कंबर आता बोलायला लागलीय. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, लिफ्ट येईल, कधी ते कोणाला माहीत नाही. तोपर्यंत प्रशांत घरी नसला की मीच. चाळीस पायऱ्या आहेत, मी सत्तावीसपर्यंत येते आणि मग पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर टेकते, भिंतीला पाठ लावून, तिला मांडीवर आडवी नाही, उभी धरून.

काल फिजिओथेरपीहून येताना तशीच टेकले होते. साडेसात वाजले असतील, सगळ्यांच्या घरात स्वयंपाक चालू. खालच्या काकूंकडे लसणाची फोडणी पडली, सुकट असावी बहुतेक, आख्खा जिना भरला वासाने. ओवीची मान माझ्या खांद्यावर होती. तिला मान वळवायला किती वेळ लागतो ते मला माहितीय, आधी डोळे जातात, मग खांदा ताठतो, मग हनुवटी थरथरत सरकते, मधेच सुटते, परत सुरू. तिने ती वळवली, काकूंच्या दाराकडे. आणि ओठ हलवायला लागली.

मी घामाघूम होते, वर अजून तेरा पायऱ्या होत्या. बसून राहिले.